जंगलातली माती श्वास सोडते म्हणजे नेमकं काय करते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमच्या गावाच्या वर देवराई आहे आणि तिला लागून ऐन-किंजळाचं रान. जंगलातली माती जगातल्या सगळ्या कारखान्यांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते, असं वाचलं. हे खरं का? माती वायू सोडते तरी कशी? आणि पाचोळा कुजून शेवटी वायूच होणार असेल, तर तो गोळा करून जाळला काय नि पडू दिला काय, फरक काय?’

सह्याद्रीच्या रानांत मातीचा श्वास मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घाईत दिलं तर चुकीचंच दिलं जाईल, म्हणून सावकाश लिहितो.

आधी आकडा. जगातल्या सगळ्या जमिनीची माती मिळून, म्हणजे जंगलं, कुरणं, शेतं असं सगळं धरून, वर्षाला साधारण 80 ते 100 अब्ज टन कार्बन हवेत सोडते. कोळसा, तेल आणि गॅस जाळून माणूस सोडतो तो 10 अब्ज टनांच्या आसपास. म्हणजे तुम्ही वाचलंत त्यात तथ्य आहे, फक्त तो आकडा एकट्या जंगलाचा नाही. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून मातीला दोषी ठरवणं मला मान्य नाही. मातीतून येणारा बहुतेक कार्बन काही दिवसांपूर्वी, काही महिन्यांपूर्वी किंवा काही वर्षांपूर्वी पानांनी हवेतूनच घेतलेला असतो. तो तिथून आला, तिथेच परत गेला. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात होता, तो आपण बाहेर काढून हवेत नवी भर घालतो. आणि ही झाडं-माती मिळून आपल्या धुरातला चौथ्या हिश्शाहून थोडा जास्तच कार्बन दरवर्षी परत ओढून घेतात. म्हणून माती किती वायू सोडते, यापेक्षा ती कोणता कार्बन सोडते आहे, हे विचारायला हवं. कणगीतलं वरचं भात रोजच्या जेवणाला निघतं, त्याची कुणाला काळजी नसते. तळाशी राखून ठेवलेल्या बियाण्याला हात लागला की घर काळजीत पडतं.

आता माती वायू सोडते कशी ते सांगतो. मातीतून दोन वेगळे श्वास एकत्र बाहेर पडतात. पहिला मुळांचा. पानात तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते, मुळं ती वापरतात आणि आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. मुळांना बिलगून राहणारी बुरशीही त्याच साखरेवर जगते. ती झाडाला फॉस्फरस आणि पाणी आणून देते, झाड तिला साखर देतं. दुसरा श्वास कुजवणाऱ्यांचा: जिवाणू, बुरशी आणि त्यांच्या आधी पान कुरतडून देणारे पैसा किडा, वाळवी, गांडूळ.

या दोन श्वासांचा वाटा वेगवेगळा मोजणं फार अवघड. सोपा उपाय वाटतो तो असा की जमिनीच्या एका तुकड्याभोवती चर खणायचा, मुळं तोडायची आणि आत जो वायू निघेल तो कुजण्याचा समजायचा. पण तोडलेली मुळं आतच राहतात, मरतात आणि कुजू लागतात, आणि आकडा फुगतो. मीही सुरुवातीला याच चुकीत एक अख्खा हंगाम घालवला. यावरचा सर्वांत सुंदर प्रयोग उत्तर स्वीडनच्या पाईन जंगलात झाला. तो 2001 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी माती खणलीच नाही. त्यांनी झाडांच्या बुंध्यावरची साल कड्यासारखी काढली, एवढंच. पाणी लाकडातून वर जात राहिलं, पानं हिरवी राहिली, पण साखर खाली उतरणं थांबलं. पाच दिवसांत मातीचा श्वास जास्तीत जास्त 37 टक्क्यांनी घटला आणि एक-दोन महिन्यांत सुमारे 54 टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे त्या जंगलात मातीचा निम्म्याहून जास्त श्वास गेल्या काही दिवसांत पानांनी बनवलेल्या साखरेचा होता. हे वाचल्यानंतर मी रानाकडे पाहण्याची पद्धत बदलली. पायाखालची माती आणि डोक्यावरची पानं हे दोन वेगळे विषय नाहीत, तो एकच कारभार आहे.

कुजण्याचा श्वास जास्त गुंतागुंतीचा. ऐनाचं किंवा सागाचं वाळकं पान जमिनीवर पडतं तेव्हा त्यातली साखर नि पिष्ट आधी संपतं, मग सेल्युलोज, आणि सर्वांत शेवटी लिग्निन, लाकडाला कडकपणा देणारा भाग. लिग्निन फोडण्याचं काम मुख्यतः बुरशीचं. पावसाळ्याच्या अखेरीला पान उचलून पाहिलं तर मऊ भाग गेलेला आणि शिरांची जाळी उरलेली दिसते. ते याच क्रमामुळे. सूक्ष्मजीवांनी खाल्लेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक लगेच वायू होतो. उरलेला त्यांच्या शरीरात जातो. ते मेले की त्यांचे अवशेष मातीच्या कणांना, विशेषतः चिकणमातीला आणि लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना चिकटून बसतात. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर आहे, त्यामुळे अशी जागा तिच्यात मुबलक. एकदा असा चिकटलेला कार्बन दशकानुदशकं, कधी शतकानुशतकं जागचा हलत नाही. कणगीच्या तळाचं बियाणं ते हेच. पानाचा थेट ह्यूमस, म्हणजे मातीतला काळा कुजलेला भाग, होतो असं शाळेत शिकवलं जायचं, पण पान आधी कुणाच्या तरी पोटातून जातं.

वाळवीविषयी दोन ओळी, कारण तिला आपण फक्त शत्रू समजतो. वारूळ करणाऱ्या आपल्याकडच्या वाळवीच्या अनेक जाती स्वतः लाकूड पूर्ण पचवत नाहीत. त्या वारुळात बुरशीची बाग लावतात आणि तिच्याकडून ते पचवून घेतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी, जी कोकणात आणि गोव्यात लोक पहाटे उठून शोधतात, ती त्याच बागेची फळं. एवढ्या सगळ्या जीवांचा श्वास एका ठिकाणी कोंडलेला असतो, म्हणून वारुळावर वायू मोजायचं यंत्र ठेवलं की शेजारच्या जमिनीपेक्षा वायू जास्त मिळतो.

वायू बाहेर कसा येतो? हवेत आज कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्क्यांहून किंचित जास्त आहे. मातीच्या छिद्रांतल्या हवेत तो सहज एक टक्का किंवा त्याहून जास्त सापडतो. जास्तीकडून कमीकडे तो आपोआप सरकत वर येतो. छिद्रं मोकळी असतील तर भराभर, पाण्याने भरली असतील तर जवळपास अडूनच, कारण पाण्यातून हा वायू हवेच्या सुमारे दहा हजारपट हळू सरकतो. आणि सगळाच वर येत नाही. काही मुरणाऱ्या पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनतो. हेच आम्ल सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजवतं, त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम मोकळं करतं. पाणी त्यांच्यासोबत हा कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात ओढ्यानाल्यांतून समुद्राकडे नेतं. ज्या काळ्या पाषाणावर आपण उभे आहोत, तो जंगलाच्या श्वासाने हळूहळू माती होतो आहे.

मोजण्याची जुनी पद्धत स्वस्त होती: डबा उपडा ठेवायचा, आत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची वाटी. चोवीस तासांत द्रावण वायू शोषून घेतं, मग त्यात आम्ल थेंबाथेंबाने घालून किती लागतं ते मोजायचं (टायट्रेशन), गुलाबी रंग गेला की थांबायचं. आता इन्फ्रारेड यंत्र दोन-तीन मिनिटांत आकडा देतं. ते ज्यावर ठेवायचं ते पीव्हीसी पाइपचं कडं मात्र निदान एक-दोन दिवस आधी जमिनीत बसवून ठेवावं लागतं, कारण कडं ठोकताना केशमुळं तुटतात आणि पहिले आकडे खोटे येतात. मोजताना वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसावं लागतं. आपल्या उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे हवेच्या जवळजवळ शंभरपट. पावसाळ्यात जळवा पायावर चढत असताना स्थिर बसून राहणं हे या कामातलं खरं कौशल्य.

यंत्राचा आकडा सेकंदाला चौरस मीटरमागे मायक्रोमोलमध्ये येतो (मोल हे पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). एक सोपा हिशोब लक्षात ठेवा: एक मायक्रोमोल म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे साधारण एक ग्रॅम कार्बन. उष्ण प्रदेशातल्या ओल्या जंगलात 3 ते 5 हा आकडा नेहमीचा. चार धरला तर हेक्टरी दिवसाला 40 किलो कार्बन, म्हणजे जवळपास 147 किलो कार्बन डायऑक्साइड. माणूस दिवसाला एक किलोच्या आसपास सोडतो. म्हणजे एक हेक्टर रानाची माती दीडशे माणसांच्या वस्तीइतका श्वास घेते.

रात्री झाडाखाली झोपू नये, असं आपल्याकडे सांगतात. जंगलात रात्री हा वायू वाढतो हे निरीक्षण खरं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी 1955 साली कॅलिफोर्नियातल्या बिग सूरच्या जंगलात दिवसरात्र हवेचे नमुने घेतले, तेव्हा रात्री आकडा चढलेला आणि दुपारी उतरलेला दिसला. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, पण मातीचा श्वास थांबत नाही, आणि वारा पडलेला असतो. पण उघड्यावर ही वाढ माणसाला अपाय होईल इतकी नसते. झोपायला हरकत नाही, साप-विंचू पाहून झोपा.

आता आपल्या रानांची खास गोष्ट, जिच्यावर माझा सर्वांत जास्त जीव आहे: पहिला पाऊस. डिसेंबर-जानेवारीनंतर वरची माती कोरडीठाक होते. सूक्ष्मजीव मरतात किंवा निपचित पडतात. यंत्राचा आकडा इतका खाली जातो की ते बिघडलं की काय असं वाटतं. मग एप्रिल-मे महिन्यात वळीव कोसळतो आणि तासाभरात तोच आकडा कित्येक पटींनी उसळतो. सुक्या मातीवर तांब्याभर पाणी ओतलं तरी हे दिसतं. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवतो. केनियात काम करणारे बर्च यांनी 1958 साली याचा पद्धतशीर अभ्यास मांडला, म्हणून याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. कारणं तीन-चार एकत्र असतात. पाणी छिद्रांत शिरून आतला कोंडलेला वायू बाहेर ढकलतं. उन्हाळ्यात मेलेल्या सूक्ष्मजीवांची शरीरं वाचलेल्यांना आयतं अन्न मिळतात. दुष्काळात तगण्यासाठी पेशींनी साठवलेली द्रव्यं पाणी मिळताच बाहेर टाकली जातात. आणि मातीची ढेकळं फुटून आत लपलेला जुना पदार्थ उघडा पडतो. पहिल्या पावसाचा मृद्गंधही याच मंडळींपैकी काहींचा. तो सोडणारे जिवाणू मातीतलेच.

या उसळीबरोबर नत्रही मोकळं होतं. बर्च यांचा मूळ रस त्यातच होता. पाऊस येण्याआधी धूळवाफ पेरणी करणारा शेतकरी बी आधीच जमिनीत ठेवतो, त्यामुळे नत्राची ही पहिली लाट पिकाच्या मुळांना गाठते. उशिरा पेरलं तर ती लाट पाण्याबरोबर वाहून जाते.

जुलैमधलं चित्र पुन्हा उलटं. मुसळधार पावसात माती तुडुंब भरते, प्राणवायू आत पोचत नाही आणि वायू वर सरकत नाही. ऊब असते, अन्न असतं, तरी श्वास मंदावतो. सखल, पाणी साचणाऱ्या जागी तर काही जिवाणू मिथेन करू लागतात. सर्वांत जोरात श्वास चालतो तो माती ना कोरडी ना तुडुंब, अशा वेळी: जूनचे पहिले दिवस, ऑगस्टची उघडीप, सप्टेंबर. म्हणून पाऊस थेंबाथेंबाने महिनाभर पडणं आणि चार दिवसांत कोसळून मग वीस दिवस दडी मारणं, या दोन्हीत एकूण मिलिमीटर सारखे असले तरी मातीचा हिशोब सारखा राहत नाही. दर सुकण्या-भिजण्याला थोडा जुना कार्बन निसटतो.

कारवीचा एक अपवाद सांगायलाच हवा. सात-आठ वर्षांनी ती डोंगरच्या डोंगर एकदम फुलते, बी धरते आणि मरते. त्या उतारावर मुळांचा श्वास जवळपास एकाच हंगामात थांबतो आणि त्याच मुळांच्या कुजण्याचा श्वास सुरू होतो. असं उतरण-चढण असलेलं जंगल एका वर्षाच्या मोजणीवरून समजलं, असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

उष्णतेबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. खऱ्या जंगलात काय होतं ते पाहायला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1991 पासून जमिनीखाली विजेच्या तारा पुरून माती पाच अंशांनी गरम ठेवली आहे. जेरी मेलिलो आणि सहकाऱ्यांनी 26 वर्षांचा हिशोब 2017 मध्ये मांडला. वरच्या 60 सेंटिमीटरमधला सुमारे 17 टक्के कार्बन गेला होता. पण तो एका लयीत गेला नाही: दहा वर्षं गळती, मग काही वर्षं विसावा, मग पुन्हा गळती, पुन्हा विसावा. सोपं अन्न संपलं की सूक्ष्मजीव थबकतात. मग त्यांची वस्ती बदलते आणि आधी न पचणाऱ्या गोष्टी त्या नव्या वस्तीला पचू लागतात. पनामाच्या बारो कोलोराडो बेटावरचा प्रयोग आपल्याला जास्त जवळचा, कारण ते उष्ण प्रदेशातलं जंगल. तिथे माती चार अंशांनी तापवल्यावर दोन वर्षांत बाहेर पडणारा वायू 55 टक्क्यांनी वाढला, असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. उष्ण प्रदेशातल्या मातीला उष्णतेची सवय आहे, तिला फरक पडणार नाही, असा एक समज होता. मीही काही काळ तो धरून होतो. या आकड्यानंतर सोडला.

आणि आता तुमचा पाचोळा. जाळलं तरी वायू, कुजलं तरी वायू, मग फरक काय?

पहिला फरक वेळेचा. वणव्यात पानाचा कार्बन काही मिनिटांत जातो. कुजायला त्याच पानाला एक-दोन पावसाळे लागतात, जाड सागपानाला आणि काटक्यांना त्याहून जास्त. तेवढा काळ तो जमिनीवर राहतो. दुसरा फरक मोठा: कुजताना त्याचा एक वाटा सूक्ष्मजीवांच्या शरीरातून जाऊन मातीला चिकटतो. जाळलेल्या पानाचा हा वाटा मातीत जातच नाही. जळताना थोडा कोळसा उरतो आणि तो मातीत खूप वर्षं टिकतो, हे खरं. पण पाचोळ्याच्या आगीत बहुतेक राखच होते, आणि ती उघड्या उतारावरून पहिल्याच पावसात वाहून जाते. सोबत वरची माती जाते, म्हणजे तळाचं बियाणंच जातं. तिसरा फरक सावलीचा. पाचोळ्याच्या थराखालची माती उन्हाळ्यात थंड आणि किंचित ओलसर राहते. थर काढला की तीच माती उघडी पडून तापते, पूर्ण सुकते, आणि पहिल्या पावसाची उसळी जास्त तीव्र होते. आगीत नत्रही हवेत उडून जातं, ते वेगळंच.

भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजणारे शेतकरी यावर म्हणतील की आम्ही पिढ्यान्पिढ्या पाला जाळतो. राब हा ठरावीक वाफ्यावर, ठरावीक कामासाठी असतो. तण मारणं आणि रोपाला राखेचा जोर देणं, हा त्याचा हेतू समजण्यासारखा आहे. रानभर लागलेला वणवा ही वेगळी गोष्ट आहे, दोन्ही एका मापाने मोजू नका. तरी राबासाठी देवराईतून पाला आणू नये. अनेक देवराया वाळकी काडीही बाहेर नेऊ देत नाहीत, आणि मातीच्या दृष्टीने त्या नियमाइतका नेमका नियम मला दुसरा सांगता येणार नाही.

वणव्याची भीती असेल तर पाचोळा सगळ्या रानातला काढू नका. हद्दीवर, पायवाटेच्या आणि रस्त्याच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला साफ केलेला पट्टा, काढा, फक्त तेवढ्या पट्ट्यातला पाला आत रानात सारा. नवी झाडं लावायची असतील तर मोकळ्या, उजाड भागात लावा. आहे त्या रानात यंत्राने ओळीने खड्डे किंवा चर खणायला कुणी आलं तर थांबवा. खणलेली माती उलटीपालटी होते, ढेकळांतला जुना कार्बन हवेला लागतो आणि रोपं तो भरून काढायला फार वर्षं घेतात.

माझ्या शब्दावर विसंबायचं नसेल तर गावातल्या मुलांकडून एक गोष्ट करून घ्या. एक-दोन मिलिमीटरच्या नायलॉन जाळीच्या वीस पिशव्या शिवा. प्रत्येकीत उन्हात कडक वाळवलेली ऐनाची दहा ग्रॅम पानं भरा. मृगाआधी दहा पिशव्या देवराईत पाचोळ्याखाली आणि दहा वणवा गेलेल्या उतारावर खुंटीला बांधून ठेवा. दर महिन्याला दोन्हीकडची एकेक पिशवी उचला, माती झटका, पुन्हा वाळवा, सोनाराच्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. दिवाळीपर्यंत दोन्हीकडे पानं किती आणि कशी उरली ते दिसेल. मग दोन्ही ठिकाणची मूठभर माती हातात घेऊन तिचा रंग आणि वास पाहा.